केगमधून गॅस गळतोय? आधी रिंगा बदला, मग बाकीचं बघा : सील किट, केग ल्यूब आणि ड्युओटाइट नळीचे जोड वापरून झाल्यावरचं मत

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरी बिअर करून कॉर्नी केगमध्ये (स्टीलच्या उभ्या पिंपात) भरत असाल आणि सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर वेळेआधीच संपत असेल तर नवा केग, नवा रेग्युलेटर असलं काहीही लगेच घेऊ नका. आधी केगच्या सगळ्या रबरी रिंगांचा एक सेट, केग ल्यूबची (रिंगांना लावायच्या ग्रीसची) छोटी डबी आणि स्टार सॅन या फेसाळ सॅनिटायझरने भरलेली स्प्रेची बाटली एवढंच घ्या. सगळं मिळून एका सिलिंडरच्या रिफिलएवढाही खर्च येत नाही आणि बहुतेक गळत्या यातच बंद होतात. पुढे जे लिहिलंय ते का, कसं, कुठली वस्तू पैसे वसूल आणि कुठली अजिबात घेऊ नये, याबद्दल आहे. लांबलंय थोडं, पण हा विषय मला मनापासून जवळचा आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, बेसमेंटमध्ये एक जुना फ्रीज आहे त्यात केग असतात, एक गव्हाची बिअर जवळजवळ कायम, आणि उन्हाळ्यात कोकम घालून केलेली आंबट-खारट गोझ. इथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे, १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हापासून केंद्राच्या कायद्यात सूट आहे, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००, विकायची मात्र नाही. आमच्या ओळखीतली बरीच मराठी मंडळी आता बाटल्या सोडून केगवर आलीयेत आणि प्रत्येकाची पहिली तक्रार एकच असते, "अगं, परवा तर सिलिंडर भरून आणला, आज काटा शून्यावर." म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आपण जे कॉर्नी केग वापरतो ते मुळात बिअरचे नाहीतच. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून हे नाव पडलं, आणि हे केग सोड्याच्या दुकानात, रेस्टॉरंटमध्ये सरबताचा पाक भरून पाठवायला वापरायचे. पेप्सीवाले बॉल लॉक, कोकवाले पिन लॉक, म्हणजे नळी जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती. नंतर पाक खोक्यातल्या पिशवीत यायला लागला आणि हे स्टीलचे केग मोडीत निघाले, ते घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. ५ गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर, आणि अंगावर १३० पीएसआय (दाबाचं माप) पर्यंत चालेल असं कोरलेलं असतं. आपण तर १०-१२ वर चालवतो, त्यामुळे स्टील कधी दगा देत नाही, दगा देतं ते रबर. सेकंडहँड केग घेतला की आतलं रबर किती जुनं आहे ते कुणालाच माहीत नसतं. मी ऑनलाइन घेतलेल्या एका जोडीबरोबर तर "नवीन सील बसवलेत" असं लिहून आलं होतं आणि झाकणाची रिंग दाबून बघितली तर दगडासारखी टणक, वर नखाने खरवडलं की काळी पूड, आणि नाकाजवळ नेली तर रूट बिअरचा वास! पाकाचा वास रबरात मुरतो आणि तो धुऊन जात नाही, आपल्या बिअरमध्ये उतरतो. म्हणजे गळती नसली तरी जुन्या केगच्या रिंगा बदलायच्याच असतात. विकणारा काहीही म्हणो.

गळती आहे की नाही हे कळायला आधी गॅस किती लागायला हवा ते माहीत पाहिजे. माझा हिशोब असा : १९ लिटर बिअर अडीच व्हॉल्यूमपर्यंत (बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस विरघळवून) कार्बोनेट करायला, फर्मेंटेशनमधून उरलेला गॅस धरून, साधारण ६० ग्रॅम सीओटू लागतो. मग तीच बिअर १२ पीएसआयवर ग्लासात ढकलत ढकलत केग रिकामा होईपर्यंत अजून साधारण ६५-७० ग्रॅम. म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास. केग भरायच्या आधी आतली हवा काढायला गॅस सोडतो, झाकण बसवायला सोडतो, म्हणून दुप्पट धरा. ५ पाउंडाच्या सिलिंडरमध्ये सव्वादोन किलोहून जास्त गॅस असतो, म्हणजे आठ केग तरी आरामात निघायला हवेत. दोन-तीन केगमध्येच सिलिंडर संपत असेल तर गळती आहे, शंकाच नको.

आणि हो, रेग्युलेटरवरचा मोठा काटा बघून सिलिंडर किती भरलाय ते कळत नाही. आत सीओटू द्रवरूपात असतो, तो द्रव शिल्लक आहे तोपर्यंत दाब तेवढाच राहतो, खोलीच्या तापमानाला साधारण ८०० पीएसआयच्या वर, फ्रीजमध्ये ठेवला तर ५०० च्या आसपास. द्रव संपला की काटा एकदम घसरतो आणि तोवर सगळा गॅस गेलेला असतो. त्यापेक्षा वजन करा. सिलिंडरच्या गळ्याशी टीडब्ल्यू म्हणून रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की झालं. आमच्याकडे सामान तोलायचा हुकवाला काटा आहे त्याचा इतका उपयोग दुसऱ्या कशालाच झाला नसेल.

आता वस्तू एकेक करून.

पहिला, रिंगांचा सेट. बॉल लॉकच्या सेटमध्ये पाच रिंगा येतात : झाकणाची एक मोठी, दोन्ही पोस्टच्या (केगच्या डोक्यावरची गॅस आत आणि बिअर बाहेर जायची तोंडं) बाहेरच्या दोन, आणि आतल्या डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगमध्ये जाणाऱ्या नळीच्या) दोन. घेताना बॉल लॉकचा की पिन लॉकचा ते नीट बघा कारण पोस्टच्या रिंगा वेगळ्या असतात. किंमत म्हणाल तर बाहेर एक पाइंट पिण्याएवढी, त्याहून कमीच. मी दोन-तीन दुकानांचे सेट वापरलेत आणि खरं सांगायचं तर काळ्या रबराच्या रिंगांत फारसा फरक जाणवला नाही, पोस्टच्या रिंगा मात्र एका स्वस्त पाकिटात इतक्या जाड आल्या होत्या की डिस्कनेक्ट (नळीच्या टोकाचा, पोस्टवर बसणारा जोड) लावताना जोर लावावा लागायचा आणि काढताना रिंगच बाहेर यायची. म्हणून पन्नास-शंभर रिंगांचं निनावी पाकीट घेण्यापेक्षा होमब्रूच्या दुकानातून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

झाकणाची रिंग सगळ्यात महत्त्वाची. आपल्या कुकरची रिंग कडक झाली की कडेने वाफ फुसफुसते आणि शिट्टीच होत नाही, अगदी तोच प्रकार. फक्त इथे वाफ दिसत नाही, आवाजही येत नाही, रात्रभर हळूहळू जात राहतो गॅस. नवीन रिंग बसवताना झाकणाची खाच आणि केगच्या तोंडाची आतली कड दोन्ही बोटाने चाचपून बघा. माझ्या एका केगच्या तोंडाला आतल्या बाजूने एवढीशी चीर होती, डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागली. अगदी बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासली, मग रिंग नीट बसली.

झाकणांच्या बाबतीत अजून एक, झाकण उलटं फिरवून बघा, म्हणजे १८० अंशात. जुन्या केगची तोंडं आपटून आपटून थोडी वाकडी झालेली असतात आणि एका बाजूने गळणारं झाकण दुसऱ्या बाजूने चपखल बसतं. बसलं की मार्करने झाकणावर आणि केगवर खूण करून ठेवा, आणि झाकणांची अदलाबदल करू नका, प्रत्येक केगचं झाकण त्याच केगला. झाकणाच्या कडीचे रबरी पाय झिजले असतील तर तेही बदला, ते झिजले की कडी सैल बसते आणि झाकण वर ओढलं जात नाही.

दुसरी वस्तू केग ल्यूब. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, छोटीशी डबी किंवा ट्यूब येते, पाचेक डॉलरला, आणि वर्षानुवर्षं पुरते. पाचपैकी पाच. वाटाण्याएवढं बोटावर घ्या, पूर्ण रिंगेवर फिरवा, रिंग चमकली पाहिजे पण पांढरे गोळे दिसता कामा नयेत. पोस्टच्या रिंगांवर पण लावा, डिस्कनेक्ट लावताना-काढताना रिंग कोरडी असेल तर ती पिळवटते आणि कापली जाते. काही जण व्हॅसलीन लावतात, कृपा करून लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि मऊ पडतं, शिवाय तेलकटपणाने बिअरचा फेस मरतो. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी चक्क खोबरेल लावलं होतं, त्यांच्या स्टाउटला फेस का नाही ते दोन बॅच कळलंच नाही त्यांना.

तिसरी वस्तू म्हणजे जाड, मऊ सिलिकॉनची झाकणाची रिंग. दुकानात "जुन्या गळक्या केगवर रामबाण" म्हणून विकतात. आहे बरी, खोटं नाही बोलणार. वाकड्या तोंडाच्या केगवर जिथे काळी रिंग काही केल्या बसेना तिथे ही बसली. पण दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, सिलिकॉनमधून वायू आरपार जातात, काळ्या रबरापेक्षा खूपच जास्त, म्हणजे महिनोन् महिने ठेवायच्या बिअरला किंवा भरपूर हॉप्सच्या आयपीएला ही नको, ऑक्सिजन आत येतो आणि वास उतरतो. दुसरं, सिलिकॉनच्या रिंगेवर सिलिकॉनचंच ग्रीस लावलं तर ती हळूहळू फुगते. म्हणून माझ्याकडे ही फक्त एका वाकड्या केगवर आहे, आणि त्यात लवकर संपणारी बिअरच भरते. पाचपैकी तीन.

रिंगा बदलल्या, ल्यूब लावलं, तरी झाकण गळतंय असं वाटलं तर बहुतेक वेळा रिंग खराब नसते, दाब कमी पडलेला असतो. झाकण आतून वरच्या बाजूला दाबलं जाऊन बंद होतं, म्हणजे आतला दाबच त्याला घट्ट करतो. सुरुवातीलाच १० पीएसआय सोडला तर जुनं झाकण कधीकधी बसतच नाही. मी रेग्युलेटर ३० वर नेते, कडी हाताने वर ओढून धरते, गॅस सोडते, एक "ठप्प" असा आवाज येतो, तो आला की झाकण बसलं. मग गॅस बंद करून झाकणावरच्या व्हॉल्व्हची कडी ओढून जास्तीचा दाब सोडते, रेग्युलेटर १२ वर आणते. नव्या माणसाला केगिंग शिकवायचं तर मी पहिल्यांदा हेच शिकवते.

आता गळती शोधायची कशी. स्टार सॅन सगळ्यांकडे असतंच, ५ गॅलन पाण्यात १ औंस, आणि त्याचा फेस इतका छान होतो की वेगळं साबणाचं पाणी करायची गरज नाही, शिवाय सॅनिटायझरच असल्याने झाकणाच्या कडेला राहिलं तरी बिघडत नाही. फ्रीजच्या आत अंधारात बघू नका, केग बाहेर काढा, टॉर्च घ्या, फवारा मारा आणि थांबा. थांबा हे महत्त्वाचं आहे. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, पण सिलिंडर रिकामा करणारी असते ती बारीक. पोस्टच्या बुडाशी, षटकोनी नट केगला जिथे टेकतो तिथे, आधी काहीच दिसत नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा, मग त्याच्या शेजारी दुसरा, मिनिटाभराने पांढरा फेसाचा एक कण तिथे चिकटून वाढत असतो. ती आतल्या डिप ट्यूबची रिंग. लोक बाहेरची रिंग बदलतात आणि आतली विसरतात, ती बदलायला पोस्ट खोलावा लागतो म्हणून. केगमधला दाब पूर्ण सोडून मगच पाना लावा, हे सांगायला नको पण सांगते. आणि गॅसचा आणि बिअरचा पोस्ट वेगवेगळे ठेवा, गॅसच्या पोस्टच्या नटाला खाचा असतात त्यावरून ओळखता येतो. जुन्या केगांत वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे वेगळे असतात, म्हणून चार केगचे सुटे भाग एकाच भांड्यात धुवायला टाकू नका, नंतर चुकीचा पोस्ट अर्धा फिरतो आणि आटे खातो.

फवारा मारायच्या जागा क्रमाने : झाकणाची पूर्ण कड, झाकणावरचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह, डिस्कनेक्ट काढून पोस्टचं तोंड (तिथे बुडबुडा आला तर आतला पॉपेट, म्हणजे स्प्रिंगवाली छोटी झडप, गेली), मग डिस्कनेक्ट लावून परत, मग नळीची दोन्ही टोकं, मॅनिफोल्ड (अनेक केगना गॅस वाटणारा जोड) असेल तर त्याचा प्रत्येक सांधा, शेवटी रेग्युलेटर आणि सिलिंडरचा नट. पॉपेटच्या तोंडावर बुडबुडे आले तर आधी बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने एकदोनदा दाबून सोडा, हॉप्सचा कण अडकलेला असतो कधीकधी. नाहीच गेलं तर नवीन पॉपेट, तोही स्वस्त मिळतो, पण "युनिव्हर्सल" म्हणून जो मिळतो तो प्रत्येक जुन्या पोस्टमध्ये नीट बसतोच असं नाही, केगचं मॉडेल बघून घ्या.

फवाऱ्यात काहीच दिसलं नाही तर रात्रभराची परीक्षा. सगळं जोडा, दाब द्या, सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरचे दोन्ही काटे कुठे आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. सकाळी परत बघा. पण यात एक गोम आहे आणि ती कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. केगमध्ये ताजी, अजून कार्बोनेट न झालेली बिअर असेल तर ती गॅस पिते, काटा खाली येतोच, आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. म्हणून ही परीक्षा रिकाम्या केगवर किंवा पूर्ण कार्बोनेट झालेल्या बिअरवरच करायची. तापमानही सारखं ठेवा, बाहेरचा गरम सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवून परीक्षा घेतली तर गार झाल्यामुळेच मोठा काटा उतरतो. मग एकेक केग काढत परत करा. केग सगळे काढून फक्त नळ्या आणि रेग्युलेटर उरले आणि तरीही काटा उतरला की समजायचं, केगचा दोष नाही.

तिथे येतं ड्युओटाइट. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या केगलँड कंपनीचं हे, नळी नुसती आत ढकलायची, बस्स. आत एकाऐवजी दोन रिंगा असतात. बरोबर त्यांचीच ईव्हीए बॅरियर नळी, बाहेरून ८ मिलिमीटर, आतून ४ किंवा ५. आधी आमच्याकडे जाड व्हिनाइलची नळी, बार्ब (नळी ज्यावर चढवायची ते खाचांचं टोक) आणि स्क्रूने आवळायचे क्लॅम्प होते. ते स्क्रूचे क्लॅम्प छोट्या नळीवर गोल आवळले जातच नाहीत, स्क्रूच्या बाजूला एक फट राहते आणि बरोबर तिथूनच बुडबुडे येतात. बार्बच ठेवायचे असतील तर ऑटिकरचे कानवाले क्लॅम्प घ्या, पक्कडीने कान दाबला की चारी बाजूंनी सारखे बसतात, स्वस्त आहेत आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत. कानवाले क्लॅम्प लावलेली नळी मला आजवर गळताना दिसलेली नाही.

मग ड्युओटाइट कशाला? कारण मला दर काही दिवसांनी मांडणी बदलावी लागते, एक केग आत, एक बाहेर, आणि दर वेळी क्लॅम्प कापून नवीन लावायचा कंटाळा येतो. ड्युओटाइटमध्ये कॉलर दाबून नळी ओढली की बाहेर (दाब सोडून मगच, नाहीतर नळी उडते). पण ते गळत नाही असं जे लोक म्हणतात ते एका अटीवर. नळी एकदम काटकोनात कापलेली पाहिजे. कात्रीने किंवा स्वयंपाकघरातल्या सुरीने कापली की टोक तिरकं आणि चपटं होतं, ती आतली रिंग खरवडते आणि तिथून गळतं. नळी कापायचा छोटा कटर मिळतो, तो घ्याच. ढकलताना एकदा अडकल्यासारखं वाटतं, लोक तिथेच थांबतात, ती पहिली रिंग असते, अजून ढकलायची, दुसरी पार झाली की आत टेकल्याचं हाताला कळतं. आणि फिटिंगला लागूनच नळीला वाकवू नका, चारेक इंच सरळ जाऊ द्या, बाजूने ताण पडला की रिंग एका बाजूने उघडते. फ्रीजमधल्या दाटीत हे जमवणं हाच खरा त्रास आहे. आट्याचे जोड मी हातानेच आवळते, प्लॅस्टिक आहे, पान्याने जोर लावला तर तडा जातो. एकूण पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क फक्त त्या प्लॅस्टिकसाठी कापलाय.

रेग्युलेटरकडचं थोडक्यात. अमेरिकेतल्या सिलिंडरवर नट आवळताना मध्ये एक नायलॉनचा वायसर लागतो, तो दर रिफिलला नवीन टाकायचा, एकदा चेपला की परत तसाच बसत नाही. काही रेग्युलेटरच्या दांड्यात आधीच रिंग बसवलेली असते, त्याला वेगळा वायसर लागत नाही, दोन्ही लावले तर उलट गळतं. हाताने आवळून भागत नाही, पाना पाहिजे. आणि टेफ्लॉन टेप! जिथे गळेल तिथे टेप गुंडाळायची आपल्या लोकांना फार सवय आहे, नळाच्या कामाची. सिलिंडरच्या नटाला आणि डिस्कनेक्टच्या फ्लेअर जोडाला टेप लावायची नसते, तिथे सील आट्यांवर होत नाही, टोकावर होतं, टेपमुळे ते टोक उलट नीट टेकत नाही. टेप फक्त निमुळत्या आट्यांना, म्हणजे रेग्युलेटरमध्ये काटे बसवलेले असतात तिथे. मी टॅपराइटचा रेग्युलेटर वापरते, बरीच वर्षं झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

कधीकधी दोष सिलिंडरचाच असतो. इथे बऱ्याच ठिकाणी तुमचा सिलिंडर भरून देत नाहीत, रिकामा ठेवून घेतात आणि दुसरा भरलेला देतात. एका दुकानातून बदलून आणलेल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याशीच बुडबुडे येत होते, परत नेला तर काउंटरवरचा माणूस "तुमचा रेग्युलेटर खराब असेल" म्हणाला, म्हणून त्याच्यासमोर रेग्युलेटर न लावताच फवारा मारून दाखवला, तेव्हा कुठे बदलून दिला. आता मी गाडीत बाटली ठेवते आणि दुकानाच्या दारातच तपासून घेते. व्हॉल्व्ह उघडायचा तर पूर्ण उघडा, अर्धवट उघडला की काही व्हॉल्व्ह दांड्याशी गळतात. हायड्रो टेस्टची (सिलिंडरच्या दाब-चाचणीची) तारीख पण बघून घ्या, पाच वर्षांच्या आत हवी, नाहीतर भरून देणारे नाही म्हणतात.

जे अजिबात घेऊ नका ते म्हणजे ऑनलाइन मिळणारं हातात धरायचं गॅस लीक डिटेक्टर. त्यातले बहुतेक स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील वायू पकडणारे असतात. सीओटू जळतच नाही, ते यंत्र केगच्या गळतीवर नेऊन टेकवलं तरी गप्प बसणार. वर्णनात "सर्व वायू" लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. त्याच पैशात चार केगच्या रिंगा येतात.

त्याऐवजी बेसमेंटमध्ये केग असतील तर खरा सीओटू मॉनिटर घ्या, एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरवाला. हे मी गॅस वाचवायला नाही, माणसं वाचवायला सांगतेय. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड, खाली साठतो, वास नाही, रंग नाही. ५ पाउंडाचा एक सिलिंडर पूर्ण सुटला तर साधारण सव्वा घनमीटर गॅस होतो. ३ मीटर बाय ३ मीटरची, आठ फूट उंचीची बंद खोली असेल तर हवेत साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाईल. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम आहे, म्हणजे अर्धा टक्का, आणि ४०,००० पीपीएमला, म्हणजे ४ टक्क्यांना, जिवाला तातडीचा धोका मानतात. बारीक गळतीने एवढं होत नाही, ती हवेत मिसळत जाते, पण नळी निसटली, रात्री कुणी नव्हतं, सकाळी मुलं खेळायला खाली गेली, असं होऊ शकतं. मॉनिटर जमिनीजवळ ठेवा, छताला नाही. आमचा गुडघ्याच्या उंचीवर आहे. आणि सगळे केग कार्बोनेट झालेले असतील तर रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायची सवय लावा, काही तास केग आतल्या दाबावर आरामात चालतात.

नवीन केग घ्यावा का, हा प्रश्न मला नेहमी येतो. मोअरबिअरचा टॉर्पीडो केग आमच्या एका मित्राकडे आहे, छान आहे, तोंड एकदम गोटीबंद, स्टील चकचकीत, एकावर एक रचता येतात. ज्याच्याकडे एकही केग नाही त्याने नवीनच घ्यावा, जुन्याच्या मागे धावू नये, आता किमतीतही पूर्वीएवढा फरक राहिलेला नाही. पण गळतोय म्हणून जुना टाकून नवीन घेणं हे मला पटत नाही. नव्या केगची रिंगही वर्षा-दोन वर्षांत बदलावीच लागते, आणि तोवर ल्यूब लावायची सवय नसेल तर तोही गळणारच. शिवाय रिंगा बदललेल्या जुन्या केगमध्ये माझी कोकम गोझ उन्हाळाभर चरचरीत राहिली, शेवटच्या ग्लासापर्यंत नाकात झिणझिण्या.

पुण्या-मुंबईतून नातेवाईक विचारतात की आम्हाला हे करता येईल का. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे ते नको, बाहेर आता मायक्रोब्रुअरी चिक्कार आहेत. पण हाच केग सोड्याला, कोकम सरबताला, जलजिऱ्याला उत्तम चालतो, आणि घरगुती समारंभात केगमधून थंडगार मसाला सोडा ग्लासात भरून दिला की लोक परत परत येतात. रिंगा, ल्यूब, फवारा सगळं तेच. फक्त सोड्याला ३० पीएसआयच्या आसपास दाब ठेवावा लागतो, त्यामुळे बारीकशी गळतीही लवकर जाणवते. तिथले सीओटू सिलिंडर आणि व्हॉल्व्ह इथल्यासारखेच असतील असं धरून चालू नका, इथून रेग्युलेटर न्यायच्या आधी सिलिंडर देणाऱ्याला आट्याचा फोटो पाठवायला सांगा. केग लाइनची प्लॅस्टिकची फिटिंग बॅगेत सहज मावतात, आणि रिंगांचा एक जास्तीचा सेट बरोबर ठेवाच, कारण झाकणाची मोठी रिंग तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाची मिळेलच याची खात्री नाही.